स्की आणि स्नोबोर्डवर अ‍ॅक्शन कॅमेरा: जागा, डिंक, दोरी आणि थंडी

मोहर

फेब्रुवारीत आठ जण गुलमर्गला चाललो आहोत. पाच स्कीवाले, तीन स्नोबोर्डवाले. दोन बोर्ड स्वतःचे, बाकी सगळं तिथे भाड्यानं घेणार. कॅमेरे म्हणजे दोन गोप्रो हीरो १२ आणि एक इन्स्टा३६० एक्स३ (दोन लेन्सचा, चहूबाजूंचं टिपणारा ३६० कॅमेरा). हेल्मेटवरून आणि छातीवरून घेतलेलं चित्रण फार लवकर एकसुरी होतं, म्हणून या वेळी कॅमेरा थेट बोर्डवर आणि स्कीवर बसवायचा विचार आहे. जागा कुठली निवडायची, चिकटवायचा कसा, सुटला तर काय, थंडीत बॅटरी किती टिकेल, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. निघायला तीन आठवडे आहेत.

उतारकर

तीन आठवडे हातात आहेत हे फार चांगलं, कारण या कामात सगळ्यात जास्त लागतो तो वेळच. बोर्डवरचा कॅमेरा सुटला की लोक उडीला किंवा आपटण्याला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा आदल्या रात्री घाईत चिकटवलेला बेस (कॅमेरा अडकवायची चिकट चकती) हेच असतं.

बेसखाली जी करड्या-काळ्या फोमची दुहेरी चिकटपट्टी असते ती थ्रीएमच्या व्हीएचबी जातीची. तिचा डिंक फेव्हिक्विकसारखा क्षणात धरत नाही. पृष्ठभागाच्या बारीक खाचाखळग्यांत तो हळूहळू पसरत जातो आणि तसतशी पकड वाढते. साधारण २१ अंश तापमानाला २० मिनिटांत निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के, आणि पूर्ण यायला ७२ तास लागतात. हे आकडे घरातल्या तापमानाचे आहेत. १० अंशांच्या खाली डिंक इतका ताठ होतो की पसरतच नाही. वरून दाबून बसल्यासारखा वाटला तरी आत हवा राहते आणि दुसऱ्या-तिसऱ्या धक्क्याला बेस कागदासारखा सुटून येतो. त्यामुळे उतारावर उभं राहून बेस चिकटवणं पूर्ण वर्ज्य. स्वतःचे जे दोन बोर्ड आहेत त्यांचे बेस निघण्यापूर्वी निदान चार दिवस घरीच लावून टाका.

लावायची रीत अशी:

आधी जागा कोरडी तपासा. बेसचा कागद न काढता तो बोर्डवर ठेवा आणि पलीकडे टॉर्च धरा. कडेखालून उजेड झिरपला, किंवा साध्या वहीच्या कागदाचा कोपरा आत सरकला, तर ती जागा सपाट नाही. बऱ्याच स्कींच्या टॉपशीटवर (वरच्या पृष्ठभागावर) मधोमध उंचवटा असतो. काही बोर्डांचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. अशा ठिकाणी पट्टी फक्त शिखरांवर टेकते.

मग साफसफाई. टॉपशीटवर वॅक्सचे कण आणि पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलेलं असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पांढऱ्या सुती कापडानं पुसा. कापड बदलत राहा. घडी स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं, आणि एकाच दिशेनं. गोल गोल घासलं की मळ फक्त जागा बदलतो.

हेअर ड्रायरनं जागा आणि पट्टी दोन्ही कोमट करा, हाताला गरम लागतील पण चटका बसणार नाही इतपत. कागद सोलल्यावर डिंकाला बोट लावायचं नाही. आधी एक कड टेकवा, मग बेस हळूहळू लवंडत खाली न्या, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. त्यानंतर दाब. या पट्टीला साधारण १५ पीएसआय (चौरस सेंमीला साधारण एक किलो) दाब हवा असतो. गोप्रोचा सपाट बेस जेमतेम ४ सेंमी लांब-रुंद, म्हणजे १६ चौरस सेंमी. त्यावर सुमारे १७ किलोचा भार पडायला हवा. अंगठ्यानं इतका जोर येत नाही. बोर्ड जमिनीवर आडवा ठेवून तळव्याच्या टाचेनं, अंगाचं वजन टाकून अर्धा मिनिट दाबा.

आता पट्टीचा स्वभाव. सरकवणाऱ्या जोराला ती चांगली टिकते, सोलणाऱ्या जोराला कच्ची आहे. कॅमेरा जितका उंच उभा, तितका तो बेसची एक कड उचलायला बघतो. उंची दुप्पट केली तर उखडणारा जोर दुप्पट. म्हणून बकल (बेसमध्ये सरकवून बसवायचा खटका) आणि एक छोटी कमान, बस्स. तीन-तीन जोड लावून केलेली मान बर्फात नको. शिवाय कडक थंडीत हा फोम ताठ होतो आणि अचानक बसणारा धक्का कमी पचवतो, त्यामुळे नीट चिकटवलेल्या कॅमेऱ्यालाही दोरी हवीच.

आल्प्सकर

उतारकरांनी डिंकाचं सगळं सांगितलं आहे. जागेबद्दल लिहितो.

स्नोबोर्डवर ठिकाणं तीन. पुढच्या बाइंडिंगच्या (बूट अडकवायच्या पकडीच्या) पुढे नोजवर (पुढच्या टोकाकडे), दोन बाइंडिंगच्या मधे, आणि टेलवर (मागच्या टोकाकडे).

सगळ्यांना मधली जागा सोयीची वाटते, कारण तिथे बोर्ड कमी वाकतो. अडचण लिफ्टशी येते. चेअरलिफ्टवर चढता-उतरताना मागचा पाय बाइंडिंगमधून मोकळा असतो आणि तो मधल्या जागेवरच टेकवावा लागतो. तिथे कॅमेरा असला तर पाय ठेवणार कुठे? लिफ्टवरून उतरतानाचं पडणं अशानंच होतं. गोंडोलात (बंद डब्यांच्या रोपवेत) हा प्रश्न नाही, बोर्ड पायातून काढलेलाच असतो. पण पोमा (बर्फावरून ओढत नेणारी लिफ्ट) किंवा चेअर असेल तिथे मधला कॅमेरा आधी काढून खिशात.

नोजवर मागे तोंड करून बसवला तर बोर्डवाला पूर्ण दिसतो आणि मागून उडणारा बर्फही. हे दृश्य खरंच सुंदर येतं. बाइंडिंगपासून ३० ते ३५ सेंमी पुढे, जिथे नोज वर वळायला सुरुवात होते त्याच्या आत. वळलेल्या भागावर सपाट बेस टेकत नाही आणि तिथला कंपही सगळ्यात जास्त. लेन्स १५ ते २० अंश वर उचललेली हवी, नाहीतर डोकं कापलं जातं. घरी बोर्डवर उभं राहून, गुडघे वाकवून चौकट तपासा. ताठ उभं राहून तपासली तर उतारावर निम्म्या चौकटीत आकाश येतं.

टेलवरून पुढे बघणारा कॅमेरा लिफ्टच्या रांगेत मार खातो, मागचे लोक टेलवर चढतात. स्कीच्या बाबतीत तर हे हमखास होतं.

स्कीवर पुढच्या टोकाकडे लावायचा असेल तर बाइंडिंगच्या टो-पीसपासून (बुटाचं पुढचं टोक धरणाऱ्या भागापासून) निदान १५ सेंमी जागा मोकळी सोडा. पडताना बूट बाजूला फिरून सुटतो, त्याच्या वाटेत काहीही आलं तर बाइंडिंग वेळेवर उघडणार नाही. मागे ब्रेकच्या दांड्यांनाही हाच नियम. ही अट चित्रणापेक्षा मोठी आहे, गुडघ्याचा प्रश्न आहे.

आणि वजन. हीरो १२ बॅटरीसकट १५४ ग्रॅम, बकल आणि स्क्रू धरून २०० च्या आसपास. बुटापासून ६०-७० सेंमी पुढे हे वजन एकाच स्कीवर आलं की वळवताना ती स्की रेंगाळते. शिकणाऱ्यांच्या स्कीवर टोकाला कॅमेरा लावूच नये. ३५ ग्रॅमचा इन्स्टा३६० गो ३ सारखा लहान कॅमेरा असेल तर गोष्ट वेगळी.

मोहर

मनापासून धन्यवाद. दोन शंका. बकल बेसमध्ये कुठल्या बाजूनं सरकवायचं याला काही नियम आहे का? आणि भाड्याच्या स्कीचं काय?

आल्प्सकर

नियम आहे. बर्फ कॅमेऱ्याला मागे ढकलतो. बेस असा चिकटवा की बकल पुढून मागे सरकत जाऊन अडेल. मग बर्फाचा प्रत्येक फटका त्याला आणखी आत बसवतो. उलटं लावलं तर सगळा भार त्या दोन प्लॅस्टिकच्या पाकळ्यांवर येतो, आणि थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होतं. इथे लेन्सची दिशा बघायची नाही, बोर्डाची धावण्याची दिशा बघायची. स्विच (टेल पुढे करून, उलटं) चालवणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी मार बसतो, त्यांनी बकलच्या पाकळ्यांमधे रबरी लॉकिंग प्लग घालावाच. सर्फिंगच्या माउंटबरोबर तो छोटा पांढरा तुकडा येतो.

चाकोरी

भाड्याच्या स्कीवर काही चिकटवू नका. दुकानदाराची परवानगी असली तरी ७२ तासांचं गणित बसत नाही, कारण स्की हातात येते सकाळी आणि उतारावर जायचं तासाभरात. स्की आदल्या दिवशी ताब्यात मिळाली तरी हॉटेलची खोली रात्रभर २० अंशांवर राहील याची खात्री नसते. बुखारी (खोलीतली शेगडी) विझली की पहाटे खोली गारठते. तिच्या शेजारी स्की उभी करून शेकवणं हा उपाय नाही, सततच्या धगीनं तळाचं प्लॅस्टिक आणि आतला इपॉक्सी दोन्ही बिघडतात.

त्याऐवजी बुटावर बांधा. स्कीच्या बुटाला नडगीपाशी रुंद वेल्क्रोचा पट्टा असतो. त्याच्याखालून दुसरा पट्टा-माउंट ओवून बाहेरच्या बाजूला कॅमेरा ठेवायचा, लेन्स पुढे आणि थोडी खाली. स्कीचं टोक, एज आणि उडणारा बर्फ असं जवळजवळ स्कीवर बसवल्यासारखंच दृश्य मिळतं. आतल्या बाजूला कधीच नको, दोन बूट एकमेकांवर घासतात. बुटाच्या बकलांच्या तारेला माउंट अडकवू नका, वळणात ती तार ताणली जाते आणि बूट ढिला पडतो.

स्कीच्या काठीवरही बसतो. काठीचा व्यास साधारण १४ ते १८ मिमी असतो. सायकलच्या हँडलबारला लावायचा क्लॅम्प इतका लहान होत नसेल, तर आत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दोन वेढे गुंडाळा. रबरामुळे क्लॅम्प फिरतही नाही. कॅमेरा मुठीच्या खाली हातभर अंतरावर. अगदी टोकाला लावला तर काठी टेकवताच प्रत्येक वेळी ठोका बसतो.

आता स्वतःच्या बोर्डांसाठी चिकटपट्टीपेक्षा भक्कम मार्ग. बाइंडिंग बसवायला बोर्डात एम६ चे धातूचे इन्सर्ट (आटे असलेली भोकं) असतात. २×४ पद्धतीच्या बोर्डावर प्रत्येक पायाखाली बारा भोकं असतात आणि वापरात चारच येतात. बाइंडिंगच्या पुढे उघडी राहिलेली दोन भोकं, एकमेकांपासून ४ सेंमीवर, मोकळीच पडलेली असतात. ३ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या. दोन भोकं एम६ साठी आणि एक पाव इंची ट्रायपॉड स्क्रूसाठी, इतकं काम कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात होतं. ट्रायपॉडचा स्क्रू खालून वर येतो, त्याचं डोकं पट्टीत बुडवून घ्या, नाहीतर पट्टी बोर्डावर सपाट बसणार नाही. हीरो १२ च्या तळाला पाव इंची आटे आहेतच.

इथे एक चूक महागात पडते. बाइंडिंगचा नेहमीचा स्क्रू १६ मिमीचा असतो आणि तो बाइंडिंगच्या जाड चकतीतून जाण्यासाठी असतो. ३ मिमीच्या पट्टीतून तोच स्क्रू पिळला तर टोक इन्सर्टच्या तळाला टेकतं आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला फोड उठते. ती दुरुस्त होत नाही. काडेपेटीतली काडी इन्सर्टमध्ये उभी घालून खोली मोजा. त्यात पट्टीची जाडी मिळवा, वॉशर असेल तर तीही, आणि एक मिमी वजा करा. त्याहून लांब स्क्रू नको. आट्यांना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावा. भोकांऐवजी मधे लांब खाच असलेले बोर्ड येतात, त्यांना हे लागू नाही.

स्कीला भोक मात्र पाडू नका. आत लाकूड असतं, पाणी शिरलं की फुगतं.

उतारकर

चाकोरी, पट्टीचा उपाय उत्तम. पण पुढच्या पायाच्या इतक्या जवळून मागे बघितलं तर चौकटीत बूट आणि गुडघाच भरेल.

चाकोरी

बरोबर, म्हणून त्या जागेवरून कॅमेरा पुढेच बघणारा ठेवायचा: नोज, समोरचा उतार, झाडांमधली वाट. मागे बघणारा हवा असेल तर नोजवर चिकटवणं हाच मार्ग.

दोरीबद्दलही इथेच लिहितो. ३ मिमीची अ‍ॅक्सेसरी कॉर्ड घ्या, ट्रेकवाल्यांकडे असतेच. दोन टोकं डबल फिशरमन गाठीनं जोडा, गाठीबाहेर ३ सेंमी शेपूट ठेवा. दोरीचं दुसरं टोक त्याच बेसला बांधलं तर काही उपयोग नाही, बेससकट सगळं जातं. बोर्डवर बाइंडिंगच्या सांगाड्याला बांधा. स्कीवर बेसपासून सात-आठ सेंमी अंतरावर दुसरा छोटा चिकट अँकर लावा, तोही ७२ तास आधी. कॅमेऱ्याकडचं टोक बकलच्या कमानीला नको, केजला (कॅमेऱ्याभोवतीच्या सांगाड्याला) हवं, कारण सगळ्यात आधी कमानच मोडते.

लांबी हा नाजूक भाग आहे. दोरी लांब असेल तर सुटलेला कॅमेरा गोफणीसारखा फिरतो आणि नडगीवर किंवा तोंडावर येतो. ताणून धरल्यावर कॅमेरा बेसपासून १५ सेंमीपेक्षा वर जाता कामा नये. अँकर जवळ घ्या आणि ढील फक्त बकल काढता येईल एवढी ठेवा.

निळीशाई

चित्रणाच्या बाजूनं लिहितो, कारण माउंट पक्का बसूनही फीत बघवत नाही अशी वेळ येते आणि दोष स्टॅबिलायझेशनवर टाकला जातो.

गोप्रोचं हायपरस्मूथ असो की दुसऱ्या कुणाचं, ते आतल्या जायरोवरून (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरवरून) काम करतं. कॅमेरा किती हलला हे मोजून ते चौकट उलट दिशेला सरकवतं, म्हणजे जग स्थिर दिसतं. पण बोर्डवर बसवलेला कॅमेरा बोर्डाबरोबरच हलत असतो. जग स्थिर केलं की चौकटीतला बोर्ड थरथरायला लागतो, जेलीवर ठेवल्यासारखा. स्टॅबिलायझेशन बंद केलं तर बोर्ड दगडासारखा स्थिर आणि मागचं जग थरथरतं. दोन्ही एकदम मिळत नाही.

मग निवड दृश्यावरून करायची. नोजवरून मागे बघणाऱ्या कॅमेऱ्यात विषय आहे माणूस. तो बोर्डावरच उभा असल्यानं स्टॅबिलायझेशन बंद किंवा सगळ्यात कमी ठेवा. जग हललं तर वेग वाटतो. पुढे बघणाऱ्या कॅमेऱ्यात विषय आहे वाट, तिथे चालू ठेवा आणि लेन्स इतकी वर करा की नोजचा फक्त शेंडा दिसेल. चौकटीत बोर्ड जितका कमी, तितकी थरथर कमी जाणवते.

क्षितिज-लॉकचंही (क्षितिज आडवं ठेवणाऱ्या सोयीचंही) तेच. लॉक चालू असेल तर वळणात बोर्ड कलंडताना दिसतो, डोंगर सरळ राहतो. बंद असेल तर बोर्ड सरळ आणि डोंगर कलंडतो. नोजवरच्या दृश्याला दुसरं जास्त शोभतं, असं माझं ठाम मत.

फ्रेमरेट ४के ६० ठेवा, उडीसाठी १२०. उन्हातल्या बर्फावर शटर आपोआप हजाराच्या पुढे जातं, ते तसंच राहू द्या. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावून शटर १/१२० वर आणायची पद्धत ड्रोनसाठी ठीक, इथे नाही. कडक बर्फावरचा बारीक कंप मंद शटरमध्ये चित्रात पुसट होऊन बसतो, आणि पुसट झालेलं चित्र स्टॅबिलायझेशनला परत स्पष्ट करता येत नाही.

आयएसओ १०० ते ४००, व्हाइट बॅलन्स ५५०० वर लॉक. ऑटो ठेवला तर ऊन-सावलीच्या प्रत्येक वळणावर बर्फ निळा-पिवळा होत राहतो. एक्स्पोजर उणे ०.५.

आल्प्सकर

निळीशाई, एक्स्पोजरवर असहमत. चौकटभर बर्फ असला की कॅमेरा त्याला करडा करतो, तिथे अधिक ०.५ द्यायला हवा. उणे केला तर माणसाचा चेहरा काळवंडतो.

निळीशाई

स्थिर छायाचित्रात तुमचं बरोबर. पण या लहान सेन्सरमध्ये एकदा पांढरा फाटला (तपशील जाऊन नुसता पांढरा उरला) की परत मिळत नाही, आणि उडालेला बर्फ, एजनं काढलेली रेघ हीच इथली खरी शोभा. सावली संपादनात उचलता येते. ढगाळ दिवशी मात्र शून्य किंवा अधिक ०.५ चालेल, तेव्हा फाटण्याइतका उजेडच नसतो. चेहऱ्यासाठी सूर्य बोर्डवाल्याच्या समोर येईल असा उतार निवडणं हा सगळ्यात चांगला उपाय.

कार्डाचं गणित: १०० मेगाबिट प्रति सेकंद धरला तर तासाला ४५ जीबी. १२८ जीबीचं व्ही३० कार्ड पावणेतीन तास पुरतं. त्याआधी बॅटरीच संपेल.

उतारकर

बॅटरीचं लिहितो. गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत जातो, पहिला कोंगडूरीपर्यंत, दुसरा अफरवट शिखराच्या कुशीत जवळजवळ ३,९८० मीटरवर. खालचं स्थानक साधारण २,६५० मीटरवर. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश धरले तर वर ८ ते ९ अंशांनी थंड. खाली उणे ५ असेल तर वर उणे १३-१४. गोप्रोच्या एन्ड्युरो बॅटरीची हमी उणे १० पर्यंत आहे. डीजेआय ऑस्मो अ‍ॅक्शन ४ उणे २० पर्यंत. म्हणजे तुमचा हीरो १२ दुसऱ्या टप्प्यावर हमीच्या बाहेर जातो हे धरूनच चाला. तो बंदच पडेल असं नाही, पण भरवसा नाही.

थंडीत लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. चित्रण सुरू करताच व्होल्टेज खाली बसतं आणि ३०-४० टक्के दाखवत असतानाच कॅमेरा मिटतो. बॅटरी मेलेली नसते. ती काढून आतल्या खिशात, अंगाजवळ दहा मिनिटं ठेवली की पुन्हा चालते. म्हणून एका कॅमेऱ्यामागे तीन बॅटऱ्या घ्या, दोन सतत आतल्या खिशात. पॉवर बँकही आतच. वायफाय बंद, मागचा स्क्रीन लवकरात लवकर झोपेल असा ठेवा. गार बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास आत लिथियमचा धातू जमतो आणि ती कायमची खराब होते. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच घ्याव्या लागतात.

लेन्सवरचा बर्फ: चालू कॅमेरा कोमट असतो, त्यावर पडलेला बर्फ वितळतो, बंद केला की तेच पाणी गोठून पापुद्रा धरतं. एका उतारासाठी कॅमेरा चालू केला की तो उतार संपेपर्यंत बंद-चालू करत बसू नये. पुसायला मायक्रोफायबर आतल्या खिशात, दोन तुकडे. तोंडानं वाफ सोडून पुसू नका, वाफ जागेवरच गोठते.

संध्याकाळी हॉटेलात शिरण्याआधी, बाहेर असतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून बंद करा. आत गेल्यावर दव पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही. दोन तास तसाच ठेवा. बॅटरीचं दार त्यानंतरच उघडा.

दवबिंदू

३६० कॅमेऱ्याचा कुणी उल्लेख केला नाही म्हणून लिहिते. एक्स३ स्कीवर चिकटवू नका. दोन लेन्सची चित्रं जिथे जोडली जातात तिथे इतक्या जवळची वस्तू नीट जुळत नाही, स्की मधेच तुटल्यासारखी दिसते. ते टाळायला कॅमेरा २५-३० सेंमी उंच करावा लागेल, आणि वर उतारकरांनी सांगितल्याप्रमाणे तेवढ्या उंचीला डिंक टिकणार नाही. शिवाय दोन्ही लेन्स बाहेर आलेल्या असतात, पहिल्याच पडण्यात चरे.

त्याची खरी जागा हातातली ११४ सेंमीची काठी. काठी कॅमेऱ्याच्या तळाशी सरळ रेषेत असेल तर जोडणीच्या पट्ट्यात लपते आणि कुणीतरी शेजारून चालत चित्रण केल्यासारखं दिसतं. मधे वाकडा जोड लावला की काठी दिसायला लागते. आणखी एक प्रकार: काठी उलटी धरून कॅमेरा बर्फापासून १५-२० सेंमीवर, पुढच्याच्या मागे दोन-तीन मीटरवरून. बोर्डाच्या पातळीवरचं दृश्य मिळतं, आणि बोर्डवर काहीही लावावं लागत नाही. फक्त मागून जाणारा पुढच्यापेक्षा सरस हवा, थांबता येईल इतका.

काठी पाठपिशवीला खोचू नका. चेअरलिफ्टमध्ये अडकते, आणि पडल्यावर मानेजवळ येते.

मोहर

२०१६ साली एका स्विस फ्रीस्कीअरनं फोन दोरीला बांधून डोक्याभोवती फिरवला होता, तसं एक्स३ नं करता येईल का?

दवबिंदू

त्यानं आयफोन १२० फ्रेमवर चालवला होता आणि फोन भोवऱ्यासारखा गरगरू नये म्हणून खास बनवलेला धारक वापरला होता. एक्स३ १८० ग्रॅमचा आहे. दोरीवर फिरताना गाठ सुटली तर तो दगडच. रिकाम्या सपाट मैदानात, हेल्मेट आणि गॉगल घालून, आसपास कुणी नसताना. चालू उतारावर अजिबात नको.

आल्प्सकर

दुसऱ्या टप्प्यावरून पिस्टबाहेर (तयार केलेल्या उताराबाहेर) जाणार असाल तर एक गोष्ट वगळू नका. हिमस्खलनाच्या बीकनला (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला अंगावर बांधायच्या यंत्राला) कॅमेरा, फोन, रिमोट यांचा अडथळा होतो. बीकन प्रसारणावर असताना या वस्तू २० सेंमी लांब, शोधावर असताना ५० सेंमी लांब. छातीचा माउंट नेमका बीकनच्या पट्ट्यावरच येतो, त्यामुळे तिथे तो बाद. मनगटावरचा रिमोटही शोधताना बंद करून पाठपिशवीत टाका. बोर्डवरचा किंवा बुटावरचा कॅमेरा या दृष्टीनं उलट बरा.

मोहर

सगळं उतरवून घेतलं. बोर्डांचे बेस या शनिवारी लावतो. शेवटचं: नंतर ते काढायचे कसे? आणि बोर्डला वॅक्स करायचं असेल तर?

उतारकर

वॅक्स बेस चिकटवण्याच्या आधी करून घ्या, मग वर सांगितल्याप्रमाणे टॉपशीट पुसा. नंतर करावं लागलंच तर बेसच्या बरोबर खाली इस्त्री क्षणभरही थांबवू नका, सरकती ठेवा.

काढताना हेअर ड्रायर बेसच्या कडेकडेनं दोन-तीन मिनिटं फिरवा. फोम मऊ झाला की दातांचा फ्लॉस किंवा मासेमारीची नायलॉन दोरी दोन्ही हातांत ताणून बेसखाली घाला आणि करवतीसारखी मागे-पुढे ओढत न्या. बेसखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर टॉपशीटचा पापुद्रा बरोबर येतो. उरलेला फोम अंगठ्यानं चोळून त्याच्या गोळ्या करून काढायचा, शेवटचा चिकटपणा अल्कोहोलनं. थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरू नका, टॉपशीटची चमक आणि छापील रंग दोन्ही जातात. एकदा निघालेली पट्टी पुन्हा चिकटत नाही, पुढच्या वेळी बेस तोच वापरलात तरी पट्टी नवी लावा.